‘कॅथलिक मुसलमान’ आणि एका राष्ट्राचा जन्म

गेल्या महिन्यात भाचा कॉलेजच्या प्रवेशाचा अर्ज घेऊन बसला होता. एका रकान्यापाशी येऊन थांबला आणि मला विचारलं, “मामू, यां क्या लिखनेका?” रकाना होता ‘धर्म व जात’. मी कपाटातून घरातले जुने दाखले काढले. अब्बांच्या दाखल्यावर ‘मुलाणी’, माझ्या दाखल्यावर ‘मुसलमान’ आणि धाकट्या भावाच्या दाखल्यावर ‘मुस्लीम’. एकच घर, एकच बाप, आणि तीन वेगवेगळे शब्द. आम्हाला कुणी काही विचारलं नव्हतं. त्या त्या वर्षी ज्या कारकुनाच्या हातात पेन होतं, त्याला जे सुचलं ते त्यानं लिहिलं. गावात आम्ही मुलाणी, जत्रा-उरुसात आमच्याशिवाय अडायचं. कागदावर मात्र आम्ही कोण, हे दुसराच कुणीतरी ठरवत आला.

तेव्हा मला अल्जेरियातला एक खटला आठवला. १९०३ साली अल्जियर्सच्या फ्रेंच न्यायालयापुढे एक चमत्कारिक प्रश्न आला होता. एका स्थानिक माणसानं इस्लाम सोडून ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तर कायद्याच्या नजरेत तो कोण? न्यायालयानं निकाल दिला की तो ‘मुस्लिम’च. कारण ‘मुस्लिम’ हा शब्द केवळ श्रद्धेपुरता नाही. मुस्लिम वंशात जन्मलेला आणि फ्रेंच नागरिकत्व न मिळालेला प्रत्येक माणूस कायद्यानं मुस्लिमच असतो, मग तो मुहंमदी धर्म पाळो वा न पाळो. म्हणजे माणूस चर्चमध्ये प्रार्थना करणार, येशूवर ईमान ठेवणार, आणि सरकारदरबारी मात्र मुसलमान राहणार. सोप्या मराठीत सांगायचं तर ‘कॅथलिक मुसलमान’!

हा निकाल वाचून हसू येतं. पण अल्जेरियाची १३२ वर्षांची गुलामी, तिच्याविरुद्धचं युद्ध आणि त्यातून जन्मलेलं नवं राष्ट्र, हे सगळं या एका शब्दाभोवती फिरतं. आपल्याकडे अल्जेरिया म्हटलं की फार तर ‘पंधरा लाख शहिदांचा देश’ एवढंच माहीत असतं. मुस्लिम वाचकांना तो अभिमानाचा विषय वाटतो, इतरांना दूरचा. मला तो आपल्या कपाटातल्या दाखल्यांइतका जवळचा वाटतो. कसा, ते सांगतो.

करार आणि मशीद

गोष्ट सुरू होते ती उधारीपासून. फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या युद्धांत फ्रान्सनं अल्जियर्सकडून गहू उधार घेतला. पैसे काही दिले नाहीत. अल्जियर्सचा दे (उस्मानी सल्तनतीच्या नावानं राज्य करणारा तिथला शासक) हुसेन पाठपुरावा करून थकला. १८२७ साली फ्रेंच वकिलाशी बोलताना त्याचा तोल गेला आणि हातातल्या माश्या हाकायच्या पंख्यानं त्यानं वकिलाला फटका मारला. फ्रान्सनं तो राष्ट्राचा अपमान मानला. देशात लोकप्रियता गमावलेल्या दहाव्या चार्ल्स राजाला एका झटपट विजयाची गरज होतीच. १४ जून १८३० रोजी फ्रेंच फौज सिदी फ्रेजच्या किनाऱ्यावर उतरली आणि ५ जुलैला दे शरण आला.

शरणागतीच्या करारात फ्रेंच सेनापतीनं लिहून दिलं होतं की इथल्या लोकांचा धर्म, मालमत्ता, व्यापार आणि स्त्रियांचा मान अबाधित राहील. दोनच वर्षांनी, १८३२ मध्ये, अल्जियर्समधली केचावा मशीद ताब्यात घेऊन तिचं कॅथेड्रल करण्यात आलं. तिथं ‘हबूस’ म्हणतात त्या वक्फच्या जमिनी आणि इमारती हळूहळू सरकारजमा झाल्या. त्या उत्पन्नावर मदरसे, विहिरी, मुसाफिरखाने चालत. ते बंद पडले आणि शिक्षणाची जुनी व्यवस्था एका पिढीत मोडली.

प्रतिकार झाला. पश्चिमेकडे अमीर अब्दुल कादिर या तरुण सूफी आलिमानं १८३२ पासून पंधरा वर्षं झुंज दिली. त्यानं नुसती फौज उभारली नाही. कर, न्याय, नाणी अशी राज्याची घडी बसवली. फ्रेंचांनी उत्तर दिलं ते गावं आणि पिकं जाळून. १८४५ साली दहरा भागात उलाद रियाह जमातीचे शेकडो लोक बायका-मुलांसह गुहेत लपले होते. गुहेच्या तोंडाशी आग लावून त्यांना धुरानं गुदमरवून मारण्यात आलं. १८४७ अखेर अमीर शरण आला, तो पूर्वेकडच्या मुस्लिम मुलखात जाऊ देण्याच्या वचनावर. ते वचनही मोडलं आणि त्याला १८५२ पर्यंत फ्रान्समध्ये कैदेत ठेवलं गेलं.

पुढे हाच अमीर दमास्कसला स्थायिक झाला. १८६० साली तिथं ख्रिस्ती वस्तीवर दंगलखोर चालून गेले, तेव्हा त्यानं आपले अल्जेरियन साथीदार घेऊन हजारो ख्रिस्ती लोकांना घरात आसरा दिला. ज्यांनी त्याचा देश घेतला त्यांच्याच धर्माचे हे लोक होते. शरीयत त्यानं कायद्याच्या रकान्यात भरली नव्हती, वागण्यात उतरवली होती. ही गोष्ट पुढे कामी येईल म्हणून सांगून ठेवतो.

आदराच्या नावाखाली कुलूप

१८४८ मध्ये फ्रान्सनं जाहीर केलं की अल्जेरिया ही वसाहत नाही, तो फ्रान्सचाच भाग आहे. अल्जियर्स, ओरान आणि कॉन्स्टंटाईन हे तीन फ्रेंच जिल्हे झाले. मग तिथले लोक फ्रेंच नागरिक झाले का? इथंच खरी मेख आहे.

१८६५ च्या कायद्यानं सांगितलं की स्थानिक मुस्लिम हा ‘फ्रेंच’ आहे, पण नागरिक नाही. त्याच्यावर मुस्लिम व्यक्तिगत कायदा लागू राहील. नागरिक व्हायचं असेल तर त्यानं अर्ज करावा आणि लग्न, तलाक, वारसा याबाबतचा आपला कायदा सोडून द्यावा. बहुतेकांच्या लेखी हे दीन सोडण्यासारखंच होतं. ज्यांची तयारी होती त्यांच्याही अर्जांना अधिकारी फाटे फोडत. त्यामुळे लाखोंच्या समाजातून अनेक दशकांत जेमतेम काही हजार लोक या वाटेनं नागरिक झाले.

१८७० मध्ये क्रेमियू हुकूमनाम्यानं अल्जेरियातल्या सुमारे ३५ हजार यहुद्यांना एका फटक्यात फ्रेंच नागरिक करण्यात आलं. हे यहुदी कुठून बाहेरून आलेले नव्हते. अरब येण्याच्या आधीपासून त्या भूमीत राहणारे, अरबी बोलणारे, शेजाऱ्यांसारखेच कपडे घालणारे लोक होते ते. पेनाच्या एका रेघेनं शेजाऱ्याला शेजाऱ्यापासून वेगळं केलं. १८८९ च्या कायद्यानं तिथं येऊन राहिलेल्या स्पॅनिश, इटालियन आणि माल्टी लोकांची तिथं जन्मलेली मुलं फ्रेंच होऊ लागली. म्हणजे कालपरवा बोटीतून उतरलेल्याचा मुलगा नागरिक, आणि ज्याच्या सात पिढ्या त्या मातीत पुरल्या तो ‘प्रजा’.

प्रजेसाठी कायदाही वेगळा. १८८१ पासून ‘इंडिजिना’ नावाची दंडसंहिता लागू झाली. परवान्याशिवाय गाव सोडणं, परवानगीशिवाय जमणं, अधिकाऱ्याशी उद्धटपणे बोलणं, कर भरायला उशीर करणं हे सगळे गुन्हे. न्यायाधीश नको, वकील नको. प्रशासकीय अधिकारीच दंड करणार आणि तुरुंगात टाकणार. हे सगळे गुन्हे फक्त मुस्लिमांसाठी होते.

आता यातली गंमत पाहा. फ्रान्स म्हणायचं, आम्ही तुमच्या शरीयतचा आदर करतो, म्हणूनच तुम्हाला नागरिकत्व देत नाही. पण याच फ्रान्सनं काझींचे अधिकार छाटून लग्न आणि वारशापुरते ठेवले. याच फ्रान्सनं वक्फ गिळले. १९०५ साली फ्रान्सनं धर्म आणि शासन वेगळे करणारा प्रसिद्ध कायदा केला. अल्जेरियात इस्लामच्या बाबतीत मात्र तो प्रत्यक्षात आणलाच नाही. सरकारी पगारावरचे इमाम आणि सरकारी नियंत्रणातल्या मशिदी तशाच चालू राहिल्या. जगाला सेक्युलॅरिझम शिकवणारा देश आपल्या वसाहतीत मशिदीचा खतीब कोण असावा हे ठरवत होता. आणि धर्म सरकारपासून वेगळा करा, आमच्या मशिदी आमच्याकडे द्या, अशी मागणी कोण करत होतं? उलेमा! आपल्याकडे धर्मनिरपेक्षतेवर बोलताना ही गोष्ट कुणी सांगत नाही.

आदर कशाचा होता, हे जमिनीकडे पाहिलं की कळतं. जमातीच्या सामाईक जमिनींचे कायद्यानं तुकडे पाडून त्या विकत घेण्याजोग्या केल्या गेल्या. १८७१ मध्ये कबायली भागात मुक्रानी आणि रहमानिया तरीकतच्या शेख हद्दाद यांच्या नेतृत्वाखाली मोठा उठाव झाला. तो चिरडल्यावर जबर दंड बसवून लाखो हेक्टर जमीन जप्त केली गेली आणि कैद्यांना पॅसिफिक महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटावर पाठवलं गेलं. चांगल्या जमिनीवर युरोपीय मळेवाल्यांनी द्राक्षं लावली. फ्रान्समधल्या द्राक्षबागा किडीनं उद्ध्वस्त झाल्या होत्या, त्यामुळे भाव होता. माझा सगळा नातेवाईक गोतावळा तासगाव-मिरज पट्ट्यातला. द्राक्षबाग म्हटलं की आम्हाला बेदाणा आठवतो. अल्जेरियातली द्राक्षं मात्र दारूसाठी होती. जिथं बहुसंख्य लोक दारू पीत नाहीत आणि अनेकांना पोटभर भाकरी मिळत नाही, त्या देशाची प्रमुख निर्यात वाइन होती. वसाहतीची अर्थव्यवस्था म्हणजे काय, हे यापेक्षा सोपं करून मला सांगता येणार नाही.

तीन उत्तरं

पहिल्या महायुद्धात सुमारे पावणेदोन लाख अल्जेरियन मुस्लिम फ्रान्सच्या बाजूनं लढले. त्यातले २५ हजारांच्या आसपास मेले. मरताना ते फ्रेंच होते. जगून परतले ते पुन्हा ‘मुस्लिम’ झाले. १९३० साली फ्रान्सनं विजयाची शताब्दी थाटामाटात साजरी केली. त्या काळात ‘आपण कोण?’ या प्रश्नाला तीन उत्तरं पुढे आली.

पहिलं उत्तर फरहात अब्बास यांचं. सेतीफ गावात औषधाचं दुकान चालवणारा हा फ्रेंच शिकलेला माणूस. १९३६ मध्ये त्यांनी एक लेख लिहिला, ज्यामुळे त्यांना आयुष्यभर टोमणे ऐकावे लागले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा होता की मी इतिहास धुंडाळला, जिवंतांना आणि मृतांना विचारलं, कबरस्तानं पालथी घातली. अल्जेरियन राष्ट्र मला कुठंच सापडलं नाही. तेव्हा आपलं भवितव्य फ्रान्सच्या चौकटीत, समान हक्कांत आहे.

दुसरं उत्तर कॉन्स्टंटाईनच्या शेख अब्दुल हमीद बिन बादीस यांचं. १९३१ मध्ये त्यांनी उलेमांची संघटना स्थापन केली आणि गावोगावी अरबी शाळा काढल्या. त्यांनी अब्बासना जाहीर उत्तर दिलं की आम्हीही इतिहास पाहिला, आणि आम्हाला राष्ट्र सापडलं. त्याची भाषा आहे, धर्म आहे, संस्कृती आहे. ते फ्रान्स नाही आणि फ्रान्स होऊ शकत नाही.

तिसरं उत्तर ना डॉक्टर-वकिलांचं ना आलिमांचं. ते पॅरिसच्या कारखान्यांत राबणाऱ्या स्थलांतरित मजुरांचं. त्यांच्यात १९२६ मध्ये ‘उत्तर आफ्रिकेचा तारा’ ही संघटना उभी राहिली आणि मसाली हाज तिचे नेते झाले. १९२७ च्या फेब्रुवारीत ब्रुसेल्सला साम्राज्यवादविरोधी परिषद भरली. तिथं मसालींनी अल्जेरियाच्या पूर्ण स्वातंत्र्याची मागणी केली. त्याच परिषदेला भारतातून जवाहरलाल नेहरू गेले होते. आपल्या राष्ट्रीय सभेनं पूर्ण स्वराज्याचा ठराव केला तो १९२९ च्या अखेरीस, हे लक्षात घेतलं की त्या मजुरांचं धाडस कळतं.

या तिघांत कोण बरोबर होतं, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. मला वाटतं त्याचं उत्तर फ्रान्सनं दिलं. १९३६ मध्येच पॅरिसच्या डाव्या सरकारनं ब्ल्युम-व्हियोलेट नावाची एक साधी योजना आणली. वीस-पंचवीस हजार शिकलेल्या, सैन्यात सेवा केलेल्या मुस्लिमांना शरीयत न सोडता नागरिकत्व द्यायचं. बस, एवढंच. या योजनेला अब्बासच नव्हे, उलेमांनीही पाठिंबा दिला. पण अल्जेरियातले युरोपीय महापौर राजीनाम्याच्या धमक्या देऊन उभे राहिले आणि योजना संसदेत मतदानालाही आली नाही. जवळपास तीच सवलत १९४४ मध्ये देण्यात आली. तोवर फरहात अब्बासदेखील अल्जेरियाचं वेगळं राज्य मागू लागले होते. कबरस्तानात न सापडलेलं राष्ट्र त्यांना नकारांच्या ढिगाऱ्यात सापडलं.

सेतीफचा दिवस

८ मे १९४५. युरोपात नाझी जर्मनी शरण आल्याचा जल्लोष. सेतीफमध्येही विजयाचा मोर्चा निघाला. त्यात कुणीतरी अल्जेरियाचा झेंडा काढला. पोलिसांनी गोळी झाडली. चिडलेल्या जमावानं आणि आसपासच्या गावकऱ्यांनी शंभरेक युरोपियनांना ठार केलं, त्यात निरपराधही होते. त्यानंतर सेतीफ, गेल्मा, खेराता परिसरात लष्कर, नौदलाच्या तोफा, विमानं आणि युरोपीय नागरिकांच्या सशस्त्र टोळ्यांनी जो सूड घेतला, त्यात हजारो मुस्लिम मारले गेले. अल्जेरिया हा आकडा ४५ हजार सांगतो. फ्रेंच सरकारनं तेव्हा हजार-दीड हजार सांगितला होता. अनेक अल्जेरियन सैनिक तेव्हा फ्रान्सला मुक्त करून घरी परतत होते. त्यांनी घरी येऊन पाहिलं ते हे.

त्या दिवसांत पंधरा वर्षांचा एक शाळकरी मुलगा पकडला गेला. तो पुढे मोठा लेखक झाला, कातेब यासीन. तो फ्रेंचमध्ये लिहीत राहिला आणि ही भाषा म्हणजे आमची युद्धातली लूट आहे असं सांगत राहिला.

१९४७ मध्ये अल्जेरियाला विधानसभा दिली गेली. जागा १२०. त्यातल्या ६० मुख्यतः दहा लाखांच्या आसपास युरोपियनांच्या आणि ६० ऐंशी लाखांच्या आसपास मुस्लिमांच्या. एवढं करूनही १९४८ ची निवडणूक प्रशासनानं उघड उघड लुबाडली. मतपेटीचा रस्ता असा बंद झाला. १ नोव्हेंबर १९५४ च्या पहाटे राष्ट्रीय मुक्ती आघाडीनं सशस्त्र लढा पुकारला. तिच्या जाहीरनाम्यात सार्वभौम, लोकशाही आणि सामाजिक राज्याचं वचन होतं, इस्लामी तत्त्वांच्या चौकटीत; आणि त्याच दमात वंश किंवा धर्माचा भेद न करता सर्वांना मूलभूत स्वातंत्र्य देण्याचंही वचन होतं. ही दोन्ही वाक्यं एकत्र लिहिताना लिहिणाऱ्यांना विसंगती वाटली नव्हती. अमीर अब्दुल कादिरच्या वारसांना ती का वाटावी?

साडेसात वर्षांच्या त्या युद्धाचं वर्णन मी करत नाही. अल्जियर्समधले छळछावण्यांचे तळघर, वीस लाखांच्या आसपास ग्रामस्थांना हुसकावून काटेरी कुंपणाआड वसवणं, पॅरिसमध्ये १७ ऑक्टोबर १९६१ च्या रात्री पोलिसांनी मारलेले निदर्शक, हे सगळं नोंदलेलं आहे. अल्जेरिया १५ लाख शहीद म्हणतो, बरेच इतिहासकार तीन-चार लाखांच्या आसपासचा आकडा देतात. दोन्हींतला कुठलाही घेतला तरी एवढ्या लहान देशासाठी तो भयंकर आहे.

पण दोन मृत्यू सांगायलाच हवेत. फेर्नां इव्हतों हा अल्जियर्सचा युरोपीय कामगार, कम्युनिस्ट. त्यानं गॅस कारखान्यात बॉम्ब ठेवला, माणूस मरू नये अशा बेतानं. तो फुटलाही नाही. तरी ११ फेब्रुवारी १९५७ रोजी त्याचं डोकं गिलोटिनखाली उडवलं गेलं. कागदावर युरोपीय असलेला हा माणूस अल्जेरियासाठी मेला. दुसरे अबान रमदान, मुक्ती आघाडीचे बुद्धिमान संघटक. लष्करापेक्षा राजकीय नेतृत्व वरचढ असावं, हे तत्त्व त्यांनी १९५६ मध्ये संघटनेकडून मंजूर करून घेतलं. डिसेंबर १९५७ मध्ये मोरोक्कोत त्यांच्याच सहकाऱ्यांनी त्यांचा खून केला आणि संघटनेच्या मुखपत्रानं छापलं की ते रणांगणावर शहीद झाले. नव्या राष्ट्राचं पहिलं मोठं खोटं राष्ट्र जन्मण्याआधीच छापून झालं होतं.

रकाना परत येतो

१९६२ च्या मार्चमध्ये एव्हियां करार झाला. जुलैत जनमत घेतलं गेलं, स्वातंत्र्याच्या बाजूनं ९९ टक्क्यांहून अधिक कौल आला. स्वातंत्र्यदिन मुद्दाम ५ जुलै निवडला, १८३० च्या शरणागतीचा दिवस पुसण्यासाठी. केचावा पुन्हा मशीद झाली. लोक रस्त्यावर नाचले.

त्याच उन्हाळ्यात बाकीचंही घडत होतं. युरोपियनांच्या कडव्या गुप्त संघटनेनं जाता जाता शाळा, बंदर आणि विद्यापीठाचं ग्रंथालय पेटवलं. ओरानमध्ये ५ जुलैलाच युरोपियनांची कत्तल झाली. काही महिन्यांत सहा-सात लाख युरोपीय बोटींतून निघून गेले. फ्रेंच फौजेत काम केलेल्या ‘हर्की’ मुस्लिमांना फ्रान्सनं निःशस्त्र करून मागे टाकलं आणि त्यांतले हजारो सूडाला बळी पडले. जे फ्रान्सला पोचले त्यांना काटेरी तारांच्या छावण्यांत ठेवलं गेलं. मुक्ती आघाडीचे गट सत्तेसाठी एकमेकांवर बंदुका रोखून उभे राहिले, तेव्हा सामान्य माणसं रस्त्यावर येऊन ओरडली की सात वर्षं झाली, आता पुरे. अखेर सीमेवरची फौज ज्याच्या मागे होती तो गट जिंकला.

आणि मग आला मार्च १९६३ चा नागरिकत्व कायदा. मूळ अल्जेरियन कोण? ज्याचे पितृकुळातले किमान दोन पूर्वज अल्जेरियात जन्मले आणि ज्यांना ‘मुस्लिम दर्जा’ होता, तो. पुन्हा वाचा. ‘मुस्लिम दर्जा’. म्हणजे फ्रान्सनं १८६५ मध्ये ज्याला बाहेर ठेवण्यासाठी जो रकाना आखला, तोच रकाना नव्या राष्ट्रानं आत घेण्यासाठी वापरला. रकाना बदलला नाही, फक्त दाराची बाजू बदलली.

हजार-दीड हजार वर्षं त्या भूमीत राहिलेला यहुदी या व्याख्येत बसत नव्हता. १८७० मध्ये पेनानं त्याला एका बाजूनं तोडलं, १९६३ मध्ये दुसऱ्या बाजूनं. इव्हतों जगला असता तर त्यालाही स्वतंत्र दरवाजातून, लढ्यात भाग घेतल्याचा पुरावा देऊन यावं लागलं असतं. छळाविरुद्ध बोलल्यामुळे ज्यांना युरोपीय लोक चिडवून ‘मोहम्मद द्युव्हाल’ म्हणत, ते अल्जियर्सचे आर्चबिशप द्युव्हाल पुढे १९६५ मध्ये अल्जेरियन नागरिक झाले, हे खरं. पण ते झाले. ‘मूळचे’ धरले गेले नाहीत. संविधान सभेत काही सदस्यांनी या भेदावर आक्षेप घेतला होता. तो चालला नाही.

याचा फटका फक्त बिगरमुस्लिमांना बसला असं समजू नका. एकदा राष्ट्राची व्याख्या एका रकान्यात केली की तो रकाना आतून अरुंद होत जातो. १९६३ चं संविधान निवडून आलेल्या सभेऐवजी एका सिनेमागृहात पक्षाच्या बैठकीत ठरलं. सभेचे अध्यक्ष होते तेच फरहात अब्बास. त्यांनी राजीनामा दिला आणि पुढच्या वर्षी स्वतंत्र देशाच्या सरकारनं त्यांना सहारात नजरकैदेत पाठवलं. एकच पक्ष उरला. १९६५ मध्ये लष्करानं उघडपणे सत्ता घेतली. मग ‘खरा अल्जेरियन’ म्हणजे अरबी बोलणारा, असं ठरलं. ज्या कबायलींनी १८७१ पासून रक्त सांडलं त्यांच्या तमाझिग़्त भाषेला संविधानात राजभाषेचं स्थान मिळायला २०१६ उजाडावं लागलं. ज्या स्त्रियांनी बॉम्ब वाहून नेले, तुरुंगवास भोगला, त्यांना १९८४ च्या कौटुंबिक कायद्यानं लग्नासाठी वलीच्या परवानगीखाली आणलं. १९९० च्या दशकात ‘खरा मुसलमान कोण’ या प्रश्नावर मुसलमानांनीच मुसलमानांचे गळे कापले.

मी हे अल्जेरियाला कमी लेखण्यासाठी लिहीत नाही. १३२ वर्षं ज्यांना स्वतःच्या देशात गाव सोडायला परवाना लागे, त्यांनी घाईनं घर बांधताना शत्रूच्याच विटा वापरल्या, यात नवल नाही. दोष द्यायचा तर आधी विटा भाजणाऱ्याला द्यावा लागेल. पण आपला अभिमान डोळसही असायला हवा. जुलूम करणाऱ्यानं आपल्याला दिलेलं नाव आपण छातीवर मिरवू लागलो, की तो गेल्यावरही राज्य त्याचंच चालतं.

आपल्याकडेही इंग्रजांनी रकाने आखले होते. १७७२ पासून हिंदूंना शास्त्र आणि मुसलमानांना कुराण असे कायद्याचे दोन कप्पे, पुढे जनगणना, १९०९ पासून स्वतंत्र मतदारसंघ. देशाची फाळणी त्याच रेघांवरून झाली. इतकं रक्त सांडलं असतानाही १९५० च्या संविधानानं नागरिक कोण हे सांगताना माणसाचा धर्म विचारला नाही. जन्म आणि वास्तव्य विचारलं. डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वाक्यांत काय वाचवलं, हे मला अल्जेरियाचा १९६३ चा कायदा वाचल्यावर जास्त कळलं. ते वाक्य आपोआप टिकत नाही. रकाना दाराबाहेर उभाच असतो. आपल्याकडे नागरिकत्वाच्या चर्चेत धर्माचं नाव पुन्हा येऊ लागलं आहे, तेव्हा ही गोष्ट फक्त मुसलमानांनी लक्षात ठेवायची नाही.

भाच्याला मी काय सांगितलं? त्याला तीनही दाखले दाखवले आणि म्हटलं, अर्जात जे तुझ्या दाखल्यावर आहे तेच लिही, नाहीतर खिडकीवरून परत पाठवतील. त्यानं लिहिलं. मग पेन खाली ठेवून म्हणाला, “मगर हम असल में कौन, मामू?” अब्बा शेजारी बसून चहा पीत होते. ते म्हणाले, “गावात जाऊन विचार. तिथं सगळ्यांना माहीत आहे.”